तीळभर लहान मोर

फार पूर्वी वाराणसीत ब्रह्मदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका गंध्याच्या कुळात जन्म घेतला होता. वडिलांच्या पश्चात चंदन, केशर, कापूर आणि सुगंधी तेलांचे दुकान तोच चालवू लागला. माल चोख, माप पुरे आणि बोलणे मोजके, त्यामुळे गावातली मोठमोठी घरे त्याच्याकडचेच गंध वापरीत. दुकानात त्याच्या जोडीला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ नंदिक होता. नंदिक मेहनती होता, मनाचाही वाईट नव्हता. फक्त कोणी कौतुक केले की त्याची जीभ सैल सुटे.

मोठ्या घरचे लोक स्वतः बाजारात येत नसत. दासी किंवा गडी यायचे आणि सोबत मालकाची मुद्रेची अंगठी आणायचे. कोणाच्या अंगठीवर हत्ती कोरलेला, कोणाच्या कमळ, कोणाच्या मोर. ओळख पटावी म्हणून प्रत्येक अंगठीचा ठसा ओल्या मातीत उमटवून, ती माती भाजून दुकानात ठेवलेली असे. आलेली अंगठी त्या ठशाशी ताडून पाहायची आणि मगच माल द्यायचा, अशी रीत होती. बोधिसत्त्वाच्या वडिलांच्या काळी हे ठसे आतल्या खोलीत एका पेटीत असत. नंदिकाने ते बाहेर आणले. "दाजी, राजाच्या अश्वपालापासून नगरश्रेष्ठीपर्यंत कोण कोण आपलं गिऱ्हाईक आहे, ते लोकांना दिसू दे की," असे म्हणून त्याने ते दर्शनी भिंतीवर ओळीने टांगले. बोधिसत्त्वाच्या मनाला ते पटले नव्हते. पण मेव्हण्याचा उत्साह मोडवेना, म्हणून त्याने होकार दिला. येणारेजाणारे त्या भिंतीकडे मान वर करून पाहत आणि नंदिकाची छाती फुगे.

एका सकाळी एका गड्याने आणलेली अंगठी ताडून पाहण्यासाठी बोधिसत्त्वाने भिंतीवरचा ठसा काढला आणि त्याचा हात थबकला. गंध्याचे नाक ते. भाजलेल्या मातीला वास असला तर मातीचा असायला हवा, याला मधाच्या पोळ्याचा वास येत होता. त्याने गड्याला माल देऊन वाटेला लावले आणि ठसा उजेडात धरला. रेघांच्या खाचेत पिवळट मेणाचा कण अडकला होता. शेजारचा ठसा काढला, त्यातही मेण. त्याच्या शेजारच्यातही मेणच.

"नंदिका," तो म्हणाला, "कोणीतरी आपल्या ठशांवर मेण दाबून त्यांच्या नकला नेल्यात."

नंदिकाच्या पायांखालची जमीन सरकली. त्याच्या डोळ्यांपुढे तो माणूस उभा राहिला. काळक असे नाव सांगितले होते त्याने, तक्षशिलेचा व्यापारी म्हणे. अंगावर रेशमी उपरणे, बोलणे लोण्यासारखे मऊ. "असं दुकान साऱ्या उत्तरापथात नाही हो," असे तो म्हणाला आणि नंदिक विरघळला. त्याला भिंतीपाशी नेऊन नंदिकाने एकेका ठशावर बोट ठेवून दाखवले होते. हा हत्ती अश्वपालांचा, हे कमळ नगरश्रेष्ठींचे, आणि हा मोर पलीकडच्या आळीतल्या रेवतीबाईंचा, विधवा आहेत पण घरात सोने पुष्कळ. मग पाहुण्यासाठी पाणी आणायला तो आत गेला आणि भांडे धुऊन पुसून सावकाश बाहेर आला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत म्हणतात. नंदिकाने तर कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, तेही सांगून ठेवले होते.

आठवले तसे त्याने सगळे सांगून टाकले. मग घाबऱ्याघाबऱ्या म्हणाला, "पण दाजी, गेलं तर काहीच नाही ना? सगळे ठसे जागच्या जागी आहेत."

"चंदन गेलं असतं तर फडताळ रिकामं दिसलं असतं. हे जागेवरून न हलता जातं," बोधिसत्त्व म्हणाला. "आणि लोकांची ही अंगठी काय फक्त चंदन आणायच्या कामाची आहे? दागिन्यांच्या पेटीला लाखेची मोहर करतात ती याच अंगठीनं. धान्याच्या कोठारालाही हीच. एकेका घराची सगळी दारं आपण भिंतीवर टांगून ठेवली होती."

नंदिकाच्या तोंडचे पाणी पळाले. भीतीने माणूस शहाणा होतो असे नाही, बहुधा तो धूर्त होतो. तो हलक्या आवाजात म्हणाला, "दाजी, अजून कोणाला कळलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. ठसे धुऊन पुसून आत ठेवून देऊ. बोभाटा झाला तर उद्यापासून या दुकानाकडे कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही."

"मूठ आपली आहे रे," बोधिसत्त्व म्हणाला, "पण मुठीत आहे ते लोकांचं आहे."

एवढ्यात रस्त्यावर डंका वाजू लागला. शिक्षा झालेल्या माणसाला चौकात नेताना वाजवतात तो. नंदिक बाहेर डोकावला आणि जागीच खिळला. शिपायांच्या मध्ये, गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ घातलेली, हात मागे बांधलेली पूर्णिका चालली होती. रेवतीबाईंची दासी. मोराची अंगठी घेऊन दुकानात तीच यायची. दर वेळी केवड्याच्या कुपीचे बूच काढून वास घ्यायची आणि "आमच्या कपाळी वासच," असे म्हणत हसून कुपी परत ठेवायची. आज तिचे केस सुटले होते आणि डोळे रडून सुजले होते.

"काय केलं हिनं?" नंदिकाने शेजारच्या तेलिणीला विचारले.

"अहो, बाईंच्या पेटीतले सगळे दागिने गेले," तेलीण म्हणाली. "आणि पेटीची मोहर जशीच्या तशी! दागिने काढले, पुन्हा लाख लावली, पुन्हा मोर उठवला. बाईंनी दोरी कापून पेटी उघडली तर आत खडखडाट. अंगठी एकतर बाईंच्या बोटात, नाहीतर हिच्या हातात. दुसरं कोण असणार? दंडनायकांनी अंगठी धरणारा हातच तोडायला सांगितलंय. मला तर बाई खरं वाटत नाही, पण आपलं ऐकतो कोण?"

दुकानासमोर येताच पूर्णिकेने मान वर केली. तिला नंदिक दिसला. "नंदिकदादा!" ती ओरडली. "दर वेळी तुम्हीच अंगठी ताडून बघता ना? सांगा की यांना! मी कधी लबाडी केली का?"

परक्यापुढे घडाघडा चाललेली नंदिकाची जीभ आता टाळूला चिकटली. शिपायांनी तिला पुढे ढकलले. तिने दोनदा मागे वळून पाहिले. नंदिक खांब धरून उभा राहिला.

बोधिसत्त्वाने भिंतीवरचा मोराचा ठसा काढून घेतला आणि तो पायरी उतरला. नंदिकाने धावत जाऊन त्याचे उपरणे धरले. "दाजी, थांबा! तिला आपण मागून काही तरी देऊ, तिच्या घरच्यांना सांभाळू. पण चौकात जाऊन आपणच सांगायचं? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!"

"हात तिचा जातोय, नंदिका," बोधिसत्त्व म्हणाला.

नंदिकाच्या बोटांतून उपरणे सुटले. आपण काय बोललो हे त्याला तेव्हा कळले आणि तो दाजींच्या मागे धावत सुटला.

चौकात ओंडका मांडला होता. बोधिसत्त्वाने डंका वाजवणाऱ्याच्या हातावर हात ठेवून डंका थांबवला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "लोकहो, मी गंधी. तुमच्या अंगठ्यांचे ठसे तुम्ही माझ्याकडे विश्वासानं ठेवलेत. त्यांच्या नकला माझ्या दुकानातून चोरीला गेल्या आहेत. ठसे पेटीत ठेवायचे ते मी मिरवायला भिंतीवर लावले. दोष माझा आहे. या बाईचा नाही. ज्याचा ठसा माझ्याकडे आहे, त्यानं आजच्या आज अंगठी बदलावी आणि घरातली प्रत्येक मोहर तपासावी."

क्षणभर कोणाला काही उमगलेच नाही. मग एकच कल्लोळ उठला. कोणी आपल्या बोटातल्या अंगठीकडे विंचू पाहावा तसे पाहू लागला, कोणी घराकडे धावत सुटला, कोणी बोधिसत्त्वाच्या अंगावर माती भिरकावली. नंदिक वाट पाहत होता की आता दाजी आपले नाव घेतील. भिंतीची हौस कोणाची, ठशांची नावे कोणी सांगितली, ते आता बाहेर पडेल. पण ते नाव आलेच नाही.

दंडनायक म्हणाला, "गंध्या, दासीची दया येऊन बोलतोस की काय? पुरावा आहे?"

"आहे. पेटीवरची मोहर आणि बाईंची अंगठी मागवा."

कापलेल्या दोरीला लटकणारी लाखेची मोहर शिपायांकडेच होती. फिर्यादी म्हणून चौकात आलेल्या रेवतीबाईंनी बोटातली अंगठी काढून दिली. बोधिसत्त्वाने ताजी लाख तापवून तिच्यावर अंगठी उठवली. मग तो मोर, पेटीवरचा मोर आणि दुकानातल्या ठशावरचा मोर, असे तिन्ही त्याने दंडनायकाच्या तळहातावर ठेवले.

"माती भाजली की आटते," तो म्हणाला. "म्हणून आमच्या ठशावरचा मोर खऱ्या मोरापेक्षा तीळभर लहान असतो. अंगठी ठशाहून तीळभर मोठी असली तरच ती खरी, हे आम्ही दुकानात पहिल्या दिवशी शिकवतो. आता पेटीवरचा मोर बघा. तो अंगठीएवढा नाही. माझ्या ठशाएवढा आहे. खोटी अंगठी माझ्याच भिंतीवरून घडली."

दंडनायकाने मोर डोळ्यांजवळ नेले. रेवतीबाईंनी पाहिले. पुन्हा पाहिले. एवढासा फरक, पण एकदा दिसल्यावर तो लपत नव्हता. पूर्णिकेला सोडवणारा पुरावा आणि दुकानाला बुडवणारा पुरावा एकच होता, आणि तो बोधिसत्त्वाने आपल्या हाताने दिला होता. रेवतीबाई पूर्णिकेजवळ गेल्या. "अगं, लहानपणापासून माझ्या घरात वाढलीस," त्या पूर्णिकेला म्हणाल्या, "आणि मी तुझ्यापेक्षा लाखेवर विश्वास ठेवला!" पूर्णिका सुटलेला हात दुसऱ्या हातात घट्ट धरून त्या हाताकडेच बघत राहिली.

तेव्हा गर्दीतून नंदिक पुढे आला. या वेळी त्याची जीभ चालली. "भिंत माझ्या हौसेनं लागली," तो म्हणाला. "आणि कोणता ठसा कोणाचा, हे त्या चोराला मी सांगितलं. मी त्याला ओळखतो." त्याने काळकाचे रूप, चाल, बोलणे, सगळे सांगितले.

त्या दिवशी वाराणसीतल्या सोनारांना जेवायला उसंत मिळाली नाही. घरोघरी अंगठ्या बदलल्या. नगराबाहेर उतरलेल्या काळकाला याची गंधवार्ता नव्हती. अश्वपालाच्या कोठारावर तो जुना हत्ती घेऊन ऐटीत गेला, आणि जुना हत्ती पाहताच पहारेकऱ्याने त्याची मानगूट धरली. रेवतीबाईंचे काही दागिने त्याच्या गाठोड्यात सापडले. उरलेल्यांची भरपाई बोधिसत्त्वाने चंदनाचा साठा विकून केली. बाकीचे ठसे घेऊन तो आणि नंदिक घरोघर गेले आणि ज्याचा ठसा त्याच्यासमोर फोडून, हात जोडून परतले. काहींनी शिव्या दिल्या. काहींनी दार उघडले नाही. दोघे दाराशी उभे राहिले, आणि दार उघडेना तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

नंदिक म्हणाला होता तसेच झाले. दुकानाकडे कोणी फिरकेना. भिंतीवर नुसत्या खुंट्या राहिल्या. असेच बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी पायरीवर पूर्णिका उभी राहिली. तिने रेवतीबाईंची नवी अंगठी पुढे केली. "बाईंनी चंदन मागितलंय," ती म्हणाली, "आणि नवा ठसाही तुमच्याकडंच ठेवायला सांगितलाय. चुकलो म्हणून चौकात ओरडून सांगणारा दुकानदार दुसरीकडं कुठं मिळणार, असं म्हणाल्या."

बोधिसत्त्वाने अंगठी तिच्या मुठीत परत ठेवली. "ठसा नको. तू आलीस, तुझा चेहरा आम्ही ओळखतो, तेवढं पुरे. ज्याच्यावाचून अडत नाही ते दुसऱ्याचं आपल्याजवळ ठेवू नये."

नंदिकाने चंदन बांधून दिले. मग फडताळातली केवड्याची कुपी काढून त्याने तिच्या हातावर ठेवली, त्याच हातावर, आणि त्याला रडू कोसळले.

जेतवन विहारात शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली तेव्हा एक भिक्षू मान खाली घालून बसला होता. एका उपासिकेने विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर फुटली होती. आळ तिच्या निरपराध सुनेवर आला होता. हा गप्प होता आणि तिकडे सुनेला माहेरी धाडायची तयारी चालली होती.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा काळक म्हणजे आजचा देवदत्त. पूर्णिका म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. चौकात डंका थांबवणारा गंधी मीच होतो." मग त्यांनी त्या भिक्षूकडे पाहिले. "आणि आधी मूठ झाकणारा व मग गर्दीतून पुढे येणारा नंदिक, तो तू होतास. आपल्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होत असताना नाव, धंदा, मान, सगळे पणाला लावून खरे बोलणे, हीच सत्यपारमिता."

भिक्षूने मान वर केली. अंगावरचे चीवर सावरून तो उठला आणि त्या उपासिकेच्या घराची वाट चालू लागला.