पेट्रोलचा वास

“सील तोडायचं नाही, इंजिन उघडायचं नाही, पेट्रोलसुद्धा मोजून मिळणार… मग पुढं जायचं तरी कसं, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून बसले होते. त्यातला बारीक भोकाचा पितळी जेट त्यांनी उजेडाकडं धरला, फुंकर मारली, पुन्हा धरला.

श्रेणिक मगदूम ताटकळत उभा राहिला. उद्यमनगरातल्या याच पत्र्याच्या गॅरेजात कॉलेजच्या दोन सुट्ट्या त्यानं काढल्या होत्या. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखायला तो इथंच शिकला. पुढं पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला, चांगली नोकरी लागली, आणि तीन वर्षांपूर्वी ती सोडून फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतीत उतरला. आता त्याचा फोटो पेपरात यायचा. असल्या माणसाला कुणी उभं ठेवतं का? वस्तादांनी ठेवलं.

“नियम काय म्हणतोय तुझा?” शेवटी त्यांनी विचारलं.

श्रेणिकनं पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं. पानोपानी पिवळ्या रेघा मारलेल्या.

“ऐका. हंगाम सुरू झाला की इंजिनात सुधारणा बंद. सगळ्यांना सारखंच इंजिन, त्यावर शिशाचं सील. सील तुटलं की बाद. पेट्रोल चौदा लिटर, फेऱ्या तीस. मध्ये भरायचं नाही.”

“चांगला हाय की नियम.”

“चांगला? वस्ताद, गेल्या दोन्ही शर्यतींत माझी गाडी एकोणतिसाव्या फेरीत कोरडी पडली. दोन्ही वेळा मी पहिला होतो!”

“पहिला हुतास… आन् शेवटाला कितवा आलास?”

श्रेणिकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घोडं नेमकं तिथंच तर पेंड खात होतं! संघाचे मालक शिंत्रे यांनी परवाच त्याला बोलावून सांगितलं होतं, दोन शर्यती उरल्यात, त्यातल्या एकीत तरी पहिल्या तिघांत ये. नाहीतर पुढच्या हंगामात तुझ्या गाडीत बेळगावचा पोरगा बसेल. शिंत्रे हे अगदी हसत हसत बोलले होते, म्हणून श्रेणिकला जास्तच भीती वाटली. नोकरी सोडलेली, वय अठ्ठावीस. ही गाडी गेली तर त्याला कोण विचारणार होतं?

“नियमात कुठंतरी फट असणारच,” तो म्हणाला. “मला ती सापडेना. तुम्ही इंजिनातले वस्ताद. सील न तोडता या इंजिनातून एक फेरी काढून द्या. फक्त एक. जन्मभर उपकार विसरणार नाही.”

…

वस्तादांनी जेट जागेवर बसवला. हात पुसले. चपला शोधल्या.

“गाडी आणलीयास?”

बाहेर टेम्पोत गाडी होती. चाकं उघडी, एकाच माणसापुरती जागा, पोट जमिनीला टेकायला आलेलं. श्रेणिकनं लगबगीनं मागचं झाकण काढलं. आत इंजिन चकाकत होतं आणि त्यावर शिशाचं ते मेलं सील लोंबत होतं.

वस्तादांनी तिकडं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

ते पुढच्या चाकापाशी गेले. गुडघ्यावर हात ठेवून, ‘या अल्ला’ म्हणत खाली बसले. चाकाच्या आत बोट घातलं, गोल फिरवलं आणि बाहेर काढलं. बोट काळंकुट्ट झालं होतं.

ते त्यांनी नाकाशी नेलं. डोळे मिटले.

श्रेणिकला वाटलं, आता काहीतरी कळणार.

“पेट्रोलचा वास येतोय,” वस्ताद म्हणाले.

“कुठं?” श्रेणिक दचकला. गळतीबिळती तर नव्हे! तो वाकून नळ्या चाचपायला लागला.

“तिकडं न्हवं. हितं. वास बघ.”

त्यानं बोटाचा वास घेतला. जळका, कडवट वास होता, नाकात झोंबणारा.

“वस्ताद, ही ब्रेकची काजळी आहे.”

“आसंल.”

“पेट्रोल टाकीत असतं.”

“हुतं,” वस्ताद म्हणाले.

आता बोला! श्रेणिकला हसावं की रडावं कळेना. म्हातारा सत्तरी ओलांडून गेलेला. नाक गेलं असेल, नाहीतर डोकं तरी. ब्रेकच्या काजळीला पेट्रोलचा वास म्हणे!

“तुमची थट्टा होते, वस्ताद, पण माझा जीव जातोय,” तो चिडून म्हणाला. “मी इंजिनाचं विचारतोय.”

वस्तादांनी त्याच्या हातातलं नियमांचं पुस्तक घेतलं. मधलं एक पान उघडलं आणि ते काळं बोट त्यावर सावकाश पुसलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा पट्टा उमटला. पिवळ्या रेघा त्याच्याखाली गेल्या.

“आता वाच,” म्हणाले आणि आत जाऊन दुसऱ्या कार्ब्युरेटरला लागले.

…

शर्यतीच्या आधी सरावाचा दिवस होता. श्रेणिकनं ते पान दहा वेळा उघडलं. काळ्या पट्ट्याखाली एकच कलम होतं, हेल्मेटच्या पट्ट्याचं. त्याचा आणि पेट्रोलचा काय संबंध? डोंबल! त्यानं पुस्तक मिटलं आणि गाडीत बसला.

सगळ्या शर्यती एकाच ट्रॅकवर व्हायच्या, आणि त्यावर एक चिंचेचं वळण होतं. सरळ पट्टी संपता संपता उजवीकडं काटकोनात वळणारं. लोक तिथंच गर्दी करायचे, कारण तिथं श्रेणिक बघायला मिळायचा. बाकीचे वळणाआधीच्या शंभर मीटरच्या पाटीपाशी ब्रेक दाबायचे. श्रेणिक पन्नासच्या पाटीपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. मग ब्रेक असा दाबायचा की चाकांतून धूर निघायचा आणि चिंचेखालून शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. ‘ब्रेकचा वाघ’ म्हणायचे त्याला.

सरावाच्या चौथ्या फेरीत चिंच आली. धूर निघाला. हेल्मेटच्या फटीतून वास आत शिरला.

तोच. जळका, कडवट.

श्रेणिकला एकदम गुदगुल्या झाल्यासारखं झालं आणि लगेच धस्सही झालं. म्हणजे काय? पन्नास मीटर जास्त पळायला आपण पेट्रोल जाळतो, आणि तो वेग पुढच्याच क्षणी ब्रेकवर घासून टाकतो? त्याचीच ही काजळी? म्हणजे म्हातारा खरंच…

पण मग करायचं काय? पाय आधी उचलायचा? ब्रेकच्या वाघानं? चिंचेखालच्या सगळ्या लोकांसमोर?

गाडी लावून तो बराच वेळ तसाच आत बसून राहिला.

…

शर्यतीत त्यानं पाय उचलला.

शंभरच्या पाटीच्याही आधी उचलला. गाडी आपल्या आपण घरंगळत वळणाकडं गेली, ब्रेकवर नुसतं बोट ठेवल्यासारखं केलं, तेवढ्यानंच वळली. सुटला होता पहिलाच, पण पहिल्या फेरीत दोघं पुढं गेले. तिसऱ्या फेरीत आणखी तिघं गेले.

चिंचेखाली आधी कुणाला खरं वाटेना. मग कुणीतरी ओरडलं, “वाघाचं मांजर झालं रं!” हशा पिकला. हेल्मेटमधून ऐकू येत नाही म्हणतात, पण असलं बरोबर ऐकू येतं. श्रेणिकच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हेल्मेटमुळं ते पुसताही येईना.

तरी त्यानं पाय उचलायचं सोडलं नाही. दहावी फेरी झाली, विसावी झाली. गाडीतल्या छोट्या पडद्यावर पेट्रोलचा आकडा हळूहळू उतरत होता, नेहमीसारखा धाडकन नाही. सत्ताविसाव्या फेरीत पुढची एक गाडी डुगडुगली आणि कडेला लागली. अठ्ठाविसाव्या फेरीत आणखी एक लागली. त्या दोघांचं पेट्रोल संपलं होतं. श्रेणिक चौथा झाला.

एकोणतिसावी फेरी आली. ज्या खांबापाशी गाडी दोनदा कोरडी पडली होती, तो खांब मागं पडला. त्याला वाटलं, उतरून त्या खांबाला नमस्कार करावा.

शेवटच्या फेरीत तिसरी गाडी अगदी पुढ्यात होती, हात लांब केला तर लागेल इतकी. पडद्याकडं पाहिलं तर पेट्रोल होतं. चांगलं होतं की! पण चिंचेचं वळण आलं आणि पाय आपोआप उचलला गेला. संपलं तर? परत कोरडी पडली तर? इतकं साठवलेलं…

श्रेणिक चौथा आला. तिसऱ्यात आणि त्याच्यात अर्ध्या गाडीचं अंतर होतं.

शिंत्रे जवळ आले. या वेळी ते हसले नाहीत. “एक शर्यत उरली,” एवढंच म्हणाले आणि गेले.

…

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गॅरेजात हजर झाला. वस्ताद जेट धूत होते. श्रेणिकनं त्यांच्यासमोर फळीवर दाणकन एक बाटली ठेवली. पाण्याची लिटरची बाटली, अर्ध्याच्या वर भरलेली.

“काय हे?”

“पेट्रोल. शर्यतीनंतर टाकी रिकामी करून मोजतात. एवढं उरलं. चौदा लिटरमध्ये तीस फेऱ्या करून उरलं!” रात्रभर घोटलेलं वाक्य होतं ते. पण म्हणता म्हणता त्याचा आवाज फाटला. “तुमचं ऐकलं, वस्ताद. पाय उचलला. सगळ्या गावानं मांजर म्हटलं, तेही ऐकून घेतलं. गाडी पोचली. आणि तरी मी चौथा! एका जागेनं गेलं. म्हणजे तुमचं ऐकून मी कमावलं की घालवलं?”

वस्ताद जेट धूतच राहिले.

“मी कुठं काय म्हनलो, मर्दा? मी नुसता वास घेतलावता.”

“असं कोड्यात बोलू नका हो! मला काही म्हणजे काही कळेना झालंय. जोरात गेलो तर पोचत नाही. जपून गेलो तर पोचतो, पण मागं राहतो. पेट्रोल उधळलं तर चूक, वाचवलं तरी चूक? मग खरं काय? पंधरा दिवसांनी शेवटची शर्यत आहे. तिथं पाय उचलू की दाबू? एवढं एकच सांगा. हात जोडतो.”

आणि त्यानं खरंच हात जोडले. पेपरात फोटो येणाऱ्या माणसानं. पुस्तक आज त्यानं आणलं नव्हतं.

वस्तादांनी वर पाहिलं. मग पायानं एक स्टूल पुढं सरकवलं.

“बस.”

तो बसला.

वस्तादांनी बाटली उचलली. बूच काढलं. नाकाशी नेली. डोळे मिटले.

डोळे उघडून त्यांनी बाटली उजेडाकडं धरली. पेट्रोल आत पिवळसर चमकत होतं. बराच वेळ ते बघत राहिले.

“फेऱ्या किती हुत्या रं?”

“तीस. तुम्हाला माहीत आहे.”

“तीस… व्हय.”

त्यांनी बूच लावलं. बाटली श्रेणिकच्या मांडीवर ठेवली.

“मग हे एकतिसाव्या फेरीला राखून ठेवलंवतंस व्हय?”