तांबटांच्या अंगणातली माती

“राग गेला म्हणतोस... कशावरून?” मोतीगीर बाबांनी विचारलं.

“बारा वर्षांत कुणाला अरे केलं नाही, बाबा.”

रंगनाथ खरंच सांगत होता. मठात शांत म्हणून त्याचंच नाव घेत, आणि ते घेतलेलं त्याला आवडतही असे. वडील गेले तेव्हा थोरल्या भावाने त्याला तिरडीला खांदा देऊ दिला नव्हता. तो तसाच चालत मठात आला. आता तोच भाऊ अंथरुणाला खिळला होता. एकदा येऊन जा, असा त्याचा निरोप आला होता. पण बाबांच्या परवानगीवाचून मठाबाहेर पाऊल टाकायची चाल नव्हती.

बाबा उठले. मठाच्या जागी पूर्वी तांबटांची आळी होती. भांड्यांचा कीस, धुण्याघासण्याचं पाणी, सगळं याच अंगणात जिरलेलं. बाबांनी तिथली मूठभर माती फडक्यात घेतली, रंगनाथला खाली पांढरी वाटी धरायला लावली आणि मडक्यातलं पाणी ओतलं.

गढूळ आलं. वाटी रिकामी केली, पुन्हा ओतलं. चौथ्या खेपेला नितळ आलं.

“यातलं तांबं गेलं?”

“गेलं, बाबा.”

परीक्षा एवढीच? सुंठीवाचून खोकला गेला, असं रंगनाथला वाटलं.

बाबांनी मडक्यात उरलेल्या पाण्यात चार लिंबं पिळली. ते मातीवर ओतलं आणि स्वस्थ बसले. थेंब सावकाश पडत होते...

वाटीत हिरवट निळं पाणी जमलं. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक कळकावं, तसं.

भाऊ अजून काही बोललाही नव्हता, पण त्याचं पहिलं वाकडं वाक्य रंगनाथला ऐकू आलं. त्याच्या मुठी वळल्या. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“लिंबू पिळणारा तर तिकडे खाटेवरच आहे,” तो म्हणाला. “मग... मी जाऊ नको?”

बाबा आडाकडे गेले. पोहरा ओढून त्याच्या ओंजळीत पाणी घातलं. तो प्याला.

“कळकलंय?”

“नाही, बाबा. गोड आहे.”

“आड कुठल्या मातीत खणलाय?”

रंगनाथने पायाखालच्या त्याच मातीकडे पाहिलं.

बाबांनी पोहरा पुन्हा आत सोडला.

“घागर आण. भावासाठी भरून ने.”