गेलेल्या ओळीची वीज

"...पण एवढा मोठा दिवा कुणासाठी रे?" बुवांनी विचारलं.

"मठासाठी, बुवा. आमच्या हर्षदच्या नावानं."

बाळासो मोरबाळेनं खुंटीला दिवा अडकवला, वायर नीट केली आणि खटका दाबला.

मठाची ओसरी पांढरीफेक पडली. वाशांतली कोळिष्टकं दिसली, भिंतीचे पोपडे दिसले, बुवांच्या घोंगडीची ठिगळंसुद्धा दिसली. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या म्हाताऱ्या महादूनं डोळ्यांवर हात धरला.

"घरी केलाय," बाळासो म्हणाला. "बाजारातला न्हाई."

बाळासोचं तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. हाताला गुण आहे, आणि आपल्या हाताला गुण आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे. आपण केलेली वस्तू समजावून सांगायला बसला की समोरच्याची सुटका नसते.

भैरूबुवांचीही झाली नाही.

"हे मागं ॲल्युमिनियमचं पान. त्याच्यावर एलईडीचे मणी, तीन ओळींत. एकेका मण्याला मी स्वतः सोल्डरचा डाग दिलाय. हा वरचा ड्रायव्हर. म्हंजे वीज मापून देणारी डबी. तिन्ही ओळी ह्या एकाच डबीवर घेतल्यात. आणि हे बटण फिरवलं की उजेड कमी-जास्त होतो."

"मग कर की जरा कमी. डोळं दिपल्यात माझं."

"कमी कशाला, बुवा? करायचा तर पुरता उजेड करावा."

बटण त्यानं शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. बुवांनी घोंगडीचं टोक कपाळावर ओढून घेतलं.

बाळासो जवळ येऊन टेकला. दिव्याचं निमित्त होतं. त्याचं खरं काम वेगळंच होतं.

"अंगारा पायजे होता. पोरीसाठी."

बुवांनी धुनीतली चिमूट उचलली, कागदात बांधली आणि त्याच्या हातावर ठेवली. "ह्यो घे. अंगाऱ्याला काय तोटा न्हाई. आता सांग, काय झालंय तिला?"

"चक्कर येती. वर्गात पडली, परवा न्हाणीत पडली. ताट पुढ्यात घेऊन नुसती बसती. बोलत न्हाई."

"डाक्टर काय म्हणतो?"

"रक्त तपासलं. कायसुदीक न्हाई म्हणतो."

"आधी कशी होती?"

"आधी?" बाळासोला आठवावं लागलं. "आधी खो-खो खेळायची. घरात पाय ठरत नव्हता तिचा. गाणी तर अशी म्हणायची की गल्लीभर ऐकू जायची."

"आणि आता दिवसभर काय करती?"

"हर्षदचा अभ्यास करती."

बुवांनी मान वर केली.

"म्हंजे तिचाच," बाळासो म्हणाला. "पण त्याच्या खोलीत बसती. त्याचीच पुस्तकं, त्याचाच क्लास. पहाटे त्याच्याच गजरावर मी उठवतो तिला. तो डाक्टर होणार होता, बुवा. गाडी घसरली नसती तर ह्या वर्षी गेला असता कॉलेजला. आता ती हुईल."

"तिला व्हायचंय?"

"घरात कुणीतरी व्हायला पायजे का नको?"

...

"पोरगं गेलं म्हणून मी घर थांबू दिलं न्हाई," बाळासो म्हणाला. "दहाव्यालासुदीक दुपारी दुकान उघडलं. बायकोला सांगितलं, रडत बसायचं न्हाई. सगळं जसं होतं तसं चाललं पायजे. आणि चाललंय."

दिव्याबद्दल सांगितलं होतं त्याच आवाजात त्यानं हेही सांगितलं. ऐकून महादूला भडभडून आलं. सांगणाऱ्याचे डोळे मात्र कोरडेच होते.

"चल, दोन घास खा," बुवा म्हणाले.

बाहेर अंधार पडला होता. महादूनं भाकऱ्या आणल्या, खर्डा आणला, कांदा फोडून दिला. बाळासोनं वाट पाहिली. या मठाची आमटी साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली. माणसं देवापेक्षा तिच्यासाठी टेकडी चढतात असं बुवाच चेष्टेनं म्हणायचे.

"आमटी न्हाई व्हय आज?"

"आमटी सदबा करायचा," महादू म्हणाला. "गेला तो. पावसाळ्यात."

"अरारा. मग तुम्ही करायची."

"मी भाकरी करतो."

"दोन्ही करायचं, महादूतात्या. त्यात काय एवढं?"

"आमच्यात तसं करत न्हाईत," बुवा म्हणाले.

ही इथली जुनी रीत आहे. मठातलं माणूस गेलं की वर्षभर त्याचं काम कुणी उचलत नाही. झाडलोट करणारी तानूबाई गेली तेव्हा वर्षभर अंगणात पाचोळा साचला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नावं ठेवली, मग तेही पाचोळा तुडवत यायला शिकले.

"म्हंजे वर्षभर कोरडं खायचं?" बाळासोला हसू आलं.

"खायचं," महादू म्हणाला. "घास अडकला की सदबा आठवतो. मग पाणी पितो."

बाळासोनं मान हलवली. "तुमचं बरं हाय. संसारात असलं परवडत न्हाई."

बुवांनी भाकरीचा तुकडा मोडला.

तेवढ्यात खुंटीवर बारीकसा टक् आवाज झाला.

दिव्यातली एक ओळ विझली होती.

बाळासो उठला, वाकून पाहिलं. "डाग सुटला असंल. गाडीवर हादरं बसलं वाटंत." पण त्याचा चेहरा पडला नाही. उलट तो खुललाच. "पण बुवा, बघा. ओळ गेली, उजेड कमी झाला का?"

बुवांनी घोंगडीआडून पाहिलं. "न्हाई झाला."

"कळणारसुदीक न्हाई कुणाला!"

"मग त्या ओळीची वीज कुठं गेली?"

"जातीय कुठं? ही डबी ठरल्याली वीज देतीच. किती ओळी उरल्यात ते ती बघत न्हाई. गेलेलीच्या वाट्याची वीज ह्या दोघींत गेली."

"त्यास्नी इचारून?"

बाळासो मोठ्यानं हसला. "इचारायचं काय त्यात, बुवा?"

"सोसंल त्यास्नी?"

"सोसती की. उलट जास्तच लखलखत्यात."

"आणि मग?"

"मग... तापत्यात."

"आणि मग?"

"मग त्यातली एक जाती."

"आणि मग?"

"मग सगळीच्या सगळी एकीवर येती. आणि ती..."

त्याचं बोट दिव्याकडे होतं. ते तसंच राहिलं.

"ती काय, बाळासो?"

...

बुवा भिंतीला धरून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, गुडघे साथ देत नाहीत. खुंटीपाशी आले, बाळासोचा हात मनगटाला धरला आणि दिव्याच्या पाठीवर, त्या ॲल्युमिनियमवर टेकवला. वरून आपला हात ठेवला.

बाळासोनं हात काढायला पाहिलं. म्हाताऱ्यानं दाबून धरला.

"बुवा... पोळतंय!"

"व्हय? उजेड तर चांगला पडलाय की."

"सोडा, बुवा!"

बुवांनी सोडला.

बाळासोनं हात छातीशी धरला. तळव्यावर लाल चट्टा उठला होता. त्याच्याकडे त्यानं पाहिलं. मग दुसऱ्या हातानं त्यानं बटण धरलं आणि उलटं फिरवायला लागला, हळूहळू, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण काढावं तसा. ओसरीचे कोपरे काळे झाले. वासे दिसेनासे झाले.

"ती एकदा म्हणाली होती मला," तो म्हणाला. आवाज त्याचा राहिला नव्हता. "पप्पा, मला दादाच्या खोलीत झोपवू नका, त्याच्या उशीला अजून त्याच्या तेलाचा वास येतो."

"मग?"

"मी म्हटलं, अभ्रा बदल."

महादूनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"अभ्रा बदल म्हटलं मी, बुवा. आणि तिनं बदलला. धुतला, वाळवला, घातला. एक शब्द बोलली न्हाई. त्यानंतर गाणं न्हाई काय न्हाई."

त्यानं खिशातून फोन काढला. पोळलेल्या हातानं तो नीट धरता येत नव्हता. घरी लावला. बायकोनं उचलला.

"सानिका काय करती?... व्हय. पुस्तक काढून घे. न्हाई, रागानं न्हाई म्हणत... तुझ्याजवळ घेऊन झोप तिला आज. आणि पहाटे उठवू नको. गजर बंद करून टाक... उद्यापण न्हाई. झोपू दे तिला पायजे तेवढी."

शांत ओसरीत बायकोचा बारीक प्रश्न सगळ्यांना ऐकू आला. "तुम्हीच बोलताय न्हवं?"

"मीच," तो म्हणाला. "क्लास राहू दे. तिचा तिला काय वाटंल ते करू दे... न्हाई, बरा हाय मी."

फोन बंद झाला.

बरा तो नव्हता. दिव्याखाली उभा होता, आणि काय करावं ते त्याला कळत नव्हतं. ज्या माणसाला प्रत्येक बिघाडावर तोडगा सापडतो, त्याचे हात नुसते लोंबत होते.

"मग आता हर्षदचं राहिल्यालं कोण करणार, बुवा?"

बुवांनी भिंतीला हात टेकला.

"त्याचं कोण... कुणीच न्हाई?"

बुवांनी खाली बसून घोंगडी पांघरली.

बाळासोनं बटणाकडे पाहिलं. राहिलेलं तेवढंही त्यानं उलटं फिरवून टाकलं. ओसरी अंधारात बुडाली. टेकडीखालच्या ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. आणि मग त्या पाण्यावर दुसरा आवाज आला. आधी घशात अडकलेला, मग फुटलेला. मोठा बाप्या माणूस पोरासारखा रडत होता आणि मधूनमधून एकच नाव घेत होता.

महादूच्यानं ऐकवेना. चाचपडत तो आत गेला, समई पेटवली आणि हाताच्या आडोशानं ज्योत सांभाळत उंबऱ्याशी आला.

बुवांनी अंधारातूनच हात वर केला.

"ऱ्हाऊ दे, महादू. पोरगं गेल्यालं त्याला आत्ता कुठं दिसाय लागलंय."