कोऱ्या तोंडाची शेवंतीमाय

ही गोष्ट सांगायची नाही, असं आत्याने मला बजावलं आहे. पण मूर्ती उद्या खाडीत जायची आहे आणि आत्या आत नारळ सोलते आहे, म्हणून हळू आवाजात सांगते.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, आमच्या गावात एक रीत होती. समुद्रावर गेलेला माणूस बुडाला आणि सापडलाच नाही, तर सखा कुंभार त्याच्याएवढा मातीचा माणूस करायचा. घरचे त्याच्यापाशी रडायचे आणि मग त्याला खाडीत सोडायचे. सखाला गणपती छान यायचे, माणसं यायची नाहीत. त्याचे सगळे बुडालेले एकसारखे दिसायचे.

शेवंतीचा बाप बुडाला तेव्हा ती लहान होती. सखाने केलेला माणूस अंगणात ठेवला. तिची आई त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो माणूस कोण? हेच्यासाठी मी रडू?" ती रडलीच नाही. ते रडू आत साठून तिचे डोळे गेले, असं म्हणतात.

म्हणून शेवंती माती शिकायला बसली. सखा हसला. "बायल माणसान पणती करूची," म्हणाला. तरी ती उठली नाही. तिचा पहिला माणूस घोट्यात मोडला. दुसरा वाळताना पोटात तडकला. मग तिने आत बांबू आणि पेंढा घातला, मातीत कापूस कुटला. तरी माणूस खांबासारखाच दिसे. एकदा पाणवठ्यावर तिच्या लक्षात आलं की थकलेली बाई एका पायावर भार देते, त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. त्या दिवशी तिचा माणूस पहिल्यांदा उभा राहिला.

तोंडं मात्र जिवंत माणसांकडे बघूनच शिकावी लागतात. आणि गावाचा समज असा, की ज्याचं तोंड मातीत उतरलं तो समुद्रावरून परतत नाही. शेवंती दिसली की बायका तोंडावर पदर ओढायच्या. एखादी आई ओरडायची, "तोंड फिरव गो मेल्ये! माझो झील उद्या होडयेर जातलो." शेवंती तोंड फिरवायची. पण एकदा बघितलेलं तिच्या बोटांत राहायचं.

सखा गेल्यावर लोक तिच्याकडेच आले. तिने केलेल्या माणसांच्या पायाशी त्यांची कुत्री येऊन झोपायची, असं म्हणतात. पाण्यात विरघळण्याआधी ती माणसं एकदा वळून घराकडे बघायची. बायका पोटभर रडायच्या. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पुन्हा पदर ओढायच्या.

मग एका वादळात मोठी होडी गेली. शेवंतीने सगळी माणसं केली. इतक्या लवकर कशी केली, म्हणून कुणीतरी तिच्या खोपीत डोकावलं. आत फळ्यांवर अख्खं गाव होतं. बुडालेल्यांची तोंडं होती, जिवंतांची होती, तान्ह्या पोरांचीही होती.

"हिनाच खाल्ल्यान आमची माणसा!"

"मी शिकी होतंय गो," शेवंती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ज्याने त्याने आपलं तोंड शोधलं आणि खाडीत फेकलं. शेवटी एकच उरलं, ते कुणालाच ओळखता येईना. आंधळ्या आईने ते हातांनी चाचपलं, ओळखलं, आणि तिनेही फेकलं.

शेवंती ओहोटीबरोबर चालत गेली ती परत आली नाही. त्यानंतर खाडीच्या पाण्यात कुणालाच आपलं तोंड दिसेना, असं म्हणतात. गाव घाबरलं. तिचाही मातीचा माणूस करून सोडू, असं ठरलं. हात झाले, पाय झाले, तोंडापाशी सगळे अडले. आयुष्यभर तिला बघून पदर ओढलेला. तिचं तोंड कुणी बघितलंच नव्हतं.

आता तिला शेवंतीमाय म्हणतात. दर नारळी पौर्णिमेला तिची मूर्ती खाडीत सोडतात. भार एका पायावर, कंबर वर, खांदा खाली, सगळं तिच्याच रीतीने. तोंड कोरं. तिला नवस बोलतात, आणि मूर्ती नेताना बायका अजून पदर ओढतात.

यंदा पाय करायला मला बसवलं. मूर्ती खोपीत आहे, ओली आहे. मघाशी तिथे कुणी नव्हतं. मी बराच वेळ त्या कोऱ्या तोंडाकडे बघत राहिले. मग अंगठा पाण्यात बुडवला, नाक असेल तिथे टेकवला, आणि

"वेणू! खंय रवलंस गो? खोपीचा दार कोणी उघडल्यान?"

"इलंय, आत्ये!"

तर, मी अंगठा टेकवला आणि तिने—