घरचं रक्त

फार फार पूर्वी जांभळाच्या ढोलीत सातेरी मधमाश्यांचं एक मानी पोळं होतं. नवी राणी वयात आली की तिनं दूर उडावं, परक्या पोळ्यांच्या नरांशी लग्न लावून परतावं, ही माश्यांची जुनी रीत. पण थोरली माशी अडून बसली. "बाहेरचं रक्त कशाला हवं? आपलं शुद्ध आहे. आपलेच नर काय वाईट आहेत?"

"थोरल्या बाई, ते तिचे भाऊ आहेत," गोदा दाई हळूच म्हणाली.

"म्हणूनच तर खात्रीचे!"

लग्न ढोलीच्या दारातच उरकलं.

अंड्यांतून अळ्या निघाल्या. गोदानं एकेकीला हुंगलं. भावाबहिणींच्या त्या पोरांतली निम्मी ना धड कामकरी होती, ना धड नर. अशी अळी दाईनंच खाऊन टाकायची, हाही पोळ्याचा नियम. गोदानं डोळे मिटून पहिली खाल्ली. मग रोजच खात राहिली.

"आणखी अंडी घाल!" थोरली राणीवर खेकसायची. राणी घालायची आणि गोदा निम्मी गिळायची. म्हाताऱ्या माश्या रानात गळून पडत होत्या, त्यांच्या जागी येणाऱ्या पुरेनात. पौषात पोळं मधानं भरलेलं होतं, पण ऊब धरायला माश्याच उरल्या नव्हत्या.

थोरली कुडकुडत म्हणाली, "रक्त तरी शुद्ध राहिलं."

"राहिलं की, बाई," गोदा म्हणाली. "मीच चाखलंय ते."