कोपरा फाडलेलं कार्ड

“पण चाचा, वरचं नाव बघून कुणी उघडलंच नाही, तर आत कितीही जीव ओतून लिहिलं तरी त्याचा उपयोग काय?”

बाबालाल मुजावर झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बस की आधी,” ते म्हणाले.

“नको. पाचची एसटी आहे मला.”

माळावरचा तो दर्गा लहानसाच. एक पांढरी खोली, आत हिरवी चादर, दारात कडुलिंब. छत्तीस वर्षं पंचक्रोशीत पोस्टमनकी करून चाचा इथे येऊन राहिले, तेव्हापासून ते कडुलिंबाची पानं लोटत होते. पानं पडायची, ते लोटायचे. दोघांनाही घाई नव्हती.

घाई केतकीला होती. आईनं तिला इथे पाठवलं होतं. “चाचांना काय ते सांगून ये, सगळं गाव त्यांच्यापाशी मोकळं होतं,” म्हणाली होती. केतकी शिकलेली, धागा-अंगारा तिला पटत नसे. पण आठ दिवस डोळ्याला डोळा नव्हता, आणि झोप उडालेलं माणूस अंगाऱ्यालाही नाही म्हणत नाही.

“वरचं नाव म्हंजे?” चाचांनी विचारलं.

“मथळा. मी इंटरनेटवर लिहिते ना, बाळंतपणाचं, मुलांचं. लोक नुसता मथळा बघतात. आवडला तर बोट लावतात, नाही तर पुढे सरकतात. एका क्षणाचा खेळ असतो.”

“आणि तू त्यातली वस्ताद.”

“शिकवते मी ते. चारशे जण आहेत माझ्या वर्गात.”

आपल्या आवाजातली ऐट तिला ऐकू आली. पण तोवर बोलून झालं होतं.

“मलाबी शिकव की मग.”

“सोपं आहे. एखादा आकडा घालायचा. वाचणाऱ्याच्या काळजीला हात घालायचा. आणि शेवट झाकून ठेवायचा. दार अर्धं उघडं ठेवलं ना, की माणूस वाकून बघतोच.”

चाचा हसले. “आमच्या पिराला घाल एक. गुरुवार सोडला तर कुत्रं फिरकत न्हाई.”

“‘या दर्ग्यात फक्त पाच मिनिटं बसा, आणि मग बघा…’”

“काय बघा?”

“ते सांगायचं नसतं.”

“आणि आत येऊन त्याला काईच दिसलं न्हाई तर?”

“तोवर आलेला असतो ना माणूस!”

झाडू थांबला…

मग पुन्हा सुरू झाला.

“तुझं सगळ्यात जास्ती कुठलं वाचलं लोकांनी?”

याच प्रश्नासाठी ती माळ चढून आली होती, आणि हाच प्रश्न त्यांनी विचारू नये असंही तिला वाटत होतं. चाचांना फोनवरचं दिसणार नाही म्हणून तिनं तो लेख कागदावर छापून आणला होता. मुठीत धरून कागद ओलसर झाला होता. तिनं घडी उलगडली.

“‘एकतिसाव्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले…’”

“बरं.”

“दोन लाख लोकांनी वाचलं.”

“मग? काय म्हणाले डॉक्टर?”

केतकीनं तोंड उघडलं…

मिटलं.

दोन लाख लोकांना तिनं ते सांगितलं होतं, पण बोटांनी. तोंडानं अजून एकालाही नाही. नवऱ्याला सांगावं लागलं नव्हतं, तो तिच्या तोंडाकडे बघून खाली बसला होता.

“आत लिहिलंय,” ती म्हणाली आणि कागद पुढे केला.

चाचांनी तो घेतला नाही. “डोळ्यावर पडदा आलाय. तूच सांग.”

मग तिनं सांगितलं, पण कडेकडेनं. निहार सातव्या महिन्यातच झाला. वजन नऊशे ग्रॅम. एकतीस दिवस काचेच्या पेटीत होता. दर तीन तासांनी वाटीत दूध काढून ती काचेच्या दारापर्यंत नेऊन द्यायची, नर्स आत न्यायची. एकतिसाव्या दिवशी सकाळीही ती अशीच गेली.

“वाटी माझ्या हातातच होती,” ती म्हणाली, आणि तिथेच अडकली.

चाचा पानं लोटत राहिले. वाट बघत होते की नव्हते, काही कळत नव्हतं.

“आधी मी याला दुसरं नाव दिलं होतं,” ती म्हणाली. “‘आमचा निहार’. नुसतं एवढंच. अकरा जणांनी वाचलं. त्यात एक आई, एक नवरा, आणि दोनदा मीच.”

“अकरा.”

“त्याला बघितलेली माणसं किती, माहितेय? सात. त्यातल्या चार नर्स. बारसं नाही झालं. फोटो आहे तो नुसता नळ्यांचा. मला वाटलं, आपल्याला जगात एकच विद्या येते. ती पोराला नाही लावली, तर ठेवायची कुणासाठी? मथळा बदलला. तीन दिवसांत दोन लाख लोकांनी त्याचं नाव वाचलं, चाचा. आणि खोटं काय आहे त्यात? डॉक्टर आले. बोलले. एक अक्षर खोटं नाही!”

“मी कुठं म्हणलं, खोटं हाय?”

खरंच, कुणीच म्हणालं नव्हतं. तिच्या वर्गातल्या लोकांनी तर टाळ्यांची चित्रं पाठवली होती. एकीनं विचारलं होतं, “मॅडम, हा मथळा उदाहरण म्हणून वापरू का?” आणि केतकीनं हो म्हटलं होतं. 

तिनं फोन काढला. लेखाखाली कुणा अनोळखी बाईनं लिहिलेल्या चार ओळी होत्या. आठ दिवसांत त्या पाठ झाल्या होत्या, तरी बघूनच वाचल्या. आवाज सपाट ठेवला.

“‘ताई, आमची मुलगी आज बावीस दिवस आत आहे. मी काचेबाहेरच उभी होते. वरचं नाव वाचून वाटलं, तुमचं बाळ घरी आलं. ह्यांना म्हटलं, अहो ऐका, आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.’”

“पुढं?”

“पुढे काही नाही. एवढंच. शिवी दिली असती तरी सोपं गेलं असतं. आठ दिवस उत्तर लिहितेय आणि पुसतेय. त्यांची मुलगी कशी आहे, ते विचारायचासुद्धा धीर होत नाही.”

वारा आला. झाडलेल्या जागेवर पुन्हा पानं पडली.

“मथळा काढला, तर निहार परत अकरा माणसांचा होतो. ठेवला, तर ती बाई रोज त्या काचेबाहेर उभी राहते. सांगा चाचा, काय करू?”

चाचांनी झाडू खोडाला टेकवला.

“ल्हानपणी माझ्या घंटीमागं पळायचीस. आठवतंय?”

“आठवतंय की.”

“कवा पळायची न्हाईस?”

ती म्हणणार होती, रोजच पळायचे. पण आठवलं. कधीमधी चाचा सायकलवरून उतरून, सायकल हातानं ढकलत, चालत यायचे. घंटी वाजायची नाही. त्या दिवशी आई सगळ्या पोरांना आत ओढायची. पलीकडच्या दारातलं जातं थांबायचं. चाचा कुणाच्या दारात वळतात, तिकडे अख्खी आळी बघत राहायची.

“पिशवीत कोपरा फाडलेलं कार्ड असायचं त्या दिवशी,” चाचा म्हणाले. “मयताच्या कार्डाचा कोपरा फाडायचा, ही रीत. वर श्री लिवायचा न्हाई. अक्षर न येणाऱ्या बाईलाबी हातात घेतल्या घेतल्या कळायचं.”

“काय?”

“की आता बसाय पायजे.”

…

“एकदा मुंबईस्नं कार्ड आलं. मळ्यातल्या सोनाबाईच्या नावानं. धाडणारा शिकलेला, नव्या जमान्याचा. त्यानं कोपरा फाडला न्हाई. वर झोकात श्रीबी घातलेला. मी आपला घंटी वाजवत गेलो. बाई भाकरी थापत हुती, तशी पिठाच्या हातानं पळत आली. लेकाचं आलं म्हणाली, वाचा, वाचा. आणि मी सायकलीवर बसल्या बसल्याच वाचाय लागलो.”

“मग?”

“उभी हुती ती.”

चाचांनी खोडाला टेकवलेला झाडू नीट केला. 

“दुसऱ्या दिवसापासनं समदी कार्डं मी आधी पोस्टात बसून वाचायचो. वाटपाआधी. गुन्हा हाय तो. आणि ज्याचा कोपरा ऱ्हायलाय, त्याचा माझ्या हातानं फाडायचो.”

“सरकारी कार्ड?”

“सरकारी कार्ड.”

“कुणी तक्रार नाही केली?”

“कोण करणार? तसलं कार्ड घरात ठेवत न्हाईत. वाचलं की तुकडं करत्यात.”

‘छत्तीस वर्षांच्या नोकरीत या पोस्टमननं एक गुन्हा केला, कारण…’ केतकीच्या डोक्यात ओळ आपोआप जुळली. आकडा, काळजी, झाकलेला शेवट. सगळं जागच्या जागी. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिनं फोनवर अंगठा दाबला आणि निहारच्या डोक्यावरचा मथळा पुसून टाकला.

रिकाम्या चौकटीत एक उभी रेघ लुकलुकत राहिली.

“आता सरळ लिहिलं ना चाचा, तर कुणी येणार नाही. येतील ते अकराच.”

“अकरा घरं पायी जायची म्हंजे दिवस जातोय, पोरी.”

खालच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. एकदा, मग दुसऱ्यांदा. केतकी निघाली नाही. ती कडुलिंबाच्या कट्ट्यावर बसली. बसल्यावर तिला कळलं, की आठ दिवसांत ती अशी कुठेच बसलेली नव्हती.

तिनं चौकटीत एकेक अक्षर घातलं.

‘निहार आमच्याजवळ एकतीस दिवस होता.’

आकडा होता त्यात, पण तो कुणाला ओढायला घातलेला नव्हता. तेवढेच दिवस होते म्हणून होता. मग ती त्या बाईच्या चार ओळींपाशी गेली, खाली लिहिलं, ‘ताई, मुलगी कशी आहे?’ आणि या वेळी पुसायच्या आत पाठवून दिलं.

“चालेल हे?” तिनं नवा मथळा वाचून दाखवला.

चाचांनी तिच्या मांडीवरचा छापलेला कागद उचलला. त्याची वरची कड बोटांनी चाचपली, आणि अगदी सावकाश, जुन्या सवयीच्या हातानं, कोपरा फाडला. तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला.

रांजणातून दोन पेले पाणी आणलं. एक तिच्यापुढे ठेवला. दुसरा स्वतः प्यायले, शेवटच्या घोटापर्यंत.

मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, ते तिच्यासमोर पानांतच खाली बसले.

“बसलो मी,” ते म्हणाले. “आता सांग… काय म्हणाले डॉक्टर?”