शंभराची दवंडी

“भाव पडतोय तो तुझ्या तोंडामुळे!” हिरवडीचे शार्दूलराजे भर दरबारात गरजले. “रोज सकाळी चावडीपुढं ढोल बडवून माझ्या रोख्याचा भाव उतरवतोस! दसऱ्यापर्यंत तुझ्या तोंडून ‘शंभर’ ऐकू आलं नाही, तर ढोल जप्त आणि तू राज्याबाहेर!”

हैबती दवंडीवाला गळ्यात ढोल घेऊन समोर उभा होता. बाजारात जो भाव ठरेल तो बिचारा ओरडून सांगायचा, एवढाच त्याचा गुन्हा.

झालं होतं असं. कालवा खणायला राजांनी प्रजेकडून पैसे उचलले होते. शंभर रुपये द्या, राजांच्या शिक्क्याचा रोखा घ्या आणि दर वर्षी सहा रुपये व्याज न्या! लोकांच्या आधी उड्या पडल्या. पण पुढे सावकार शेकडा आठ देऊ लागले आणि राजांच्या सहाकडे कोणी ढुंकून बघेना. ज्याच्याकडे रोखा होता तो विकायला निघाला. होता होता शंभराचा रोखा पंचाहत्तरावर आला. कालवा अर्धाच राहिला. नवे रोखे काढावेत, तर लोक आता आठच मागत होते. आणि राजांना मात्र ठाम वाटे, की हा सगळा त्या ढोलाचा प्रताप!

हैबतीनं हात जोडले. “महाराज, मग उद्यापास्नं शंभर म्हनून वरडू का?”

“खबरदार! खोटी दवंडी पिटलीस तर पाठ सोलून काढीन!”

“मग भाव चढायचा कसा, महाराज?”

“ते तू बघ! खजिन्यातली दमडी मिळणार नाही, व्याज वाढणार नाही, आणि कुणावर जबरदस्ती केलीस तर याद राख!”

हैबती घरी आला तो डोकं धरूनच बसला. त्याची लेक येसू अंगणात ढोलाची दोरी आवळत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “आबा, आसं हातपाय गाळून कसं चालंल? मी जरा पेढीवर जाऊन येते.”

राजपेढीवर त्र्यंबकशास्त्री व्याजाचा अभ्यास करत बसलेले असत. माणूस मोठा प्रेमळ, फक्त एक विचारलं की दहा सांगायचे.

“शास्त्रीबुवा, भाव चढतो कवा?”

“घेणारे वाढले की, पोरी! पण वाढतील कसे? पंचाहत्तरला रोखा घेतला की सहा रुपये सुटतात, म्हणजे शेकडा आठ पडले. बाजारात आठच मिळतात. मग शंभर मोजून सहावर समाधान कोण मानेल?”

“ज्याला त्याचं व्याज नकोच, नुसता रोखाच पायजे, आसा कुनी?”

शास्त्रीबुवा खो खो हसले. “असा वेडा माझ्या अभ्यासात अजून आला नाही!”

“बघते कुटं घावतोय का,” म्हणून येसू जी उठली ती थेट दरबारात.

“महाराज, आबाला एक दवंडी पिटायचीय. पन खरी हाय का न्हाई ते आधी तुमालाच इचारते. तुमचा रोखा शंभराचाच हाय न्हवं?”

“म्हणजे काय! पुरा शंभराचा!”

“कुनी दरबाराच्या देन्यापोटी तुमच्या पुढ्यात आनला, तर तुमी सोता शंभरला मोजाल?”

“मोजीनच! माझा शिक्का आहे त्यावर!”

“आन् दरसाल मोजाल?”

“हयातभर मोजीन! शंका येतेच कशी तुला?”

“मग ह्येच पिटतो!”

“पिटा! ढोल फुटेस्तोवर पिटा!”

त्याच संध्याकाळी हैबतीचा आवाज गल्लीबोळांत घुमला. “ऐका हो ऐका! दरबाराचं ज्ये देनं असंल, त्यात म्हाराजांचा रोखा पुऱ्या शंभराला मोजून घेतला जाईल होऽऽ! औंदा बी आन् दरसाल बी होऽऽ!”

सरदार ढमाळे म्हणजे पक्का कंजूष. दसऱ्याला हजार रुपयांचं सोनं नजराणा म्हणून द्यायचं या काळजीनं आठवडाभर त्याला जेवण गोड लागत नव्हतं. दवंडी ऐकून तो ताडकन उठला. दहा रोखे घ्यायचे, साडेसातशेत हजाराचा नजराणा! तो गुपचूप बाजारात गेला खरा, पण तिथं बाकीचे सरदारही तोंड लपवून हजर! मग काय, ओढाताण सुरू झाली. रोखा ऐंशीवर गेला, नव्वदावर गेला, आणि दसऱ्याच्या सकाळी हैबती ओरडला, “शंऽऽभर!”

पण दरबार भरला आणि राजे भडकले. ज्याच्या त्याच्या नजराण्याच्या ताटात सोन्याऐवजी रोख्याचा कागद!

“बोलवा त्या पोरीला! दसऱ्याचा नजराणा आणि कागद? माझं सोनं कुठंय?”

राजांच्या मांडीवर लोकांनी वाहिलेल्या आपट्याच्या पानांचा ढीग होता. येसूनं तिकडं बोट केलं.

“त्ये काय, महाराज! ‘सोनं घ्या’ म्हनून लोकांनी झाडाचा पाला दिला, तुमी हासत घेतला. त्यावर तर कुनाचा शिक्का बी न्हाई! आन् सोताच्या शिक्क्याचा कागद तुमाला नको? तुमीच तोंड फिरवल्यावर बाजारानं काय म्हनून घ्यावा?”

 

त्र्यंबकशास्त्री हळूच पुढे झाले. “महाराज, हे तुमचंच कर्ज घरी परत आलंय. यावरचं व्याज आता द्यायला नको. आणि पेढीच्या दारात सकाळपासून रांग लागलीय. रोखा दरसाल दरबारात शंभराला चालणार, म्हणून लोक नवे रोखे काढा म्हणतायत. सहा टक्क्यांनीच!”

“सहानं? म्हणजे कालवा पुरा होईल?”

“होईल, महाराज!”

राजे असे हसत सुटले, की मांडीवरची पानं दरबारभर उडाली! त्यांनी हैबतीला मानाचा फेटा बांधवला आणि येसूकडे वळून मिस्कीलपणे विचारलं, “पाचशे रुपयांचं बक्षीस देतो. बोल, सोन्यात देऊ की माझ्या रोख्यात?”

“सोन्यातच द्या, महाराज! पंचाहत्तरला आसता तर रोखाच मागितला आसता. आता शंभरला घिऊन त्यात मला काय सुटायचं?”

राजे पोट धरधरून हसले. “शास्त्रीबुवा, द्या हिला सोनं! आणि उद्यापासून हिला पेढीवर बसवा!”